पिंपांभोवती पळणारे पाय

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावच्या मराठी मंडळात नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "तुम्ही कुठे असता?" म्हणजे कोणत्या कंपनीत. मी सांगते, "घोड्यांच्या पायाशी." समोरचा हसतो, मी हसत नाही, आणि मग बिचाऱ्याला हातात जेवणाचं ताट धरून उभ्या उभ्या सगळी हकिकत ऐकावी लागते. मी नालबंद आहे. घोड्यांचे खूर तासते, त्यांना नाल निवडते, वळवते आणि ठोकते. नॉर्थ कॅरोलिनाच्या लाल मातीत हे करता करता माझे केस पिकले आणि कंबर कायमची एका बाजूला झुकली.

यात माझं काही ध्येयबिय नव्हतं. नवऱ्याला इथल्या औषधांच्या कंपनीत नोकरी लागली आणि त्याच्या मागून मी आले, ती नोकरी करायला बंदी असलेल्या व्हिसावर. घरात बसून भिंती किती दिवस बघणार? जवळच एक तबेला होता, तिथे फुकट कामाला माणसं हवी होती. नागपूरला एम.एस्सी. झालेली आपली मुलगी अमेरिकेत जाऊन लीद उचलते, हे माझ्या आईला आम्ही बरीच वर्षं सांगितलंच नाही. पुढे कामाची परवानगी मिळाली तेव्हा नवरा म्हणाला, "आता लॅबमध्ये बघ काहीतरी." मी नालबंदीच्या शाळेत नाव घातलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी मला पोलादी टोकाचे बूट घेऊन आला.

आमच्या लोकांना माझ्या धंद्याचा एकच उपयोग ठाऊक आहे. "काकू, काळ्या घोड्याची नाल मिळेल का हो? नवीन घर घेतलंय." एका गृहस्थांची तर सविस्तर मागणी होती: काळाच घोडा, उजवाच पाय, आणि नाल आपोआप निघालेली हवी, काढलेली चालणार नाही. मी त्यांना म्हटलं, आपोआप निघालेली नाल म्हणजे माझ्या कामावरचा डाग, ती मी तुमच्या दारावर टांगू देईन होय? ते रागावले. त्यांनी पुढे ऑनलाइन मागवली असं ऐकलं.

असो. मला सांगायचंय ते पिंपांच्या शर्यतीबद्दल, कारण माझी निम्मी गिऱ्हाइकं तिथलीच. इथे तिला बॅरल रेसिंग म्हणतात. मैदानात तीन पिंपं त्रिकोणात मांडतात. घोडा एका अरुंद गल्लीतून सुसाट आत येतो, पहिल्या पिंपाला वळसा, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, की तसाच सुसाट बाहेर. पंधरा-सतरा सेकंदांत खेळ खलास. पिंप पडलं तर पाच सेकंद वाढतात, म्हणजे घरी जा. स्वार बहुतेक बायका आणि मुली. पिंपाशी वळताना घोडा इतका तिरका होतो की स्वाराचा बूट जवळजवळ मातीला लागतो, आणि घोड्याचं सगळं वजन आतल्या बाजूच्या पायांवर येतं. तेवढ्या क्षणापुरतं त्या मुलीचं हाडपेर माझ्या खिळ्यांच्या हवाली असतं.

इथले सगळे माझ्याकडे एकच गोष्ट मागतात: पकड. साधी नाल सपाट असते. पकडीच्या नालेला कडेनं उभा काठ असतो आणि मध्ये खोल खोबण. त्या खोबणीत माती ठासून भरते, आणि मातीला मातीच घट्ट धरते. बाहेरचा काठ जास्त उंच असलेली नाल सगळ्यांत चिवट. मग सगळ्यांना तीच का ठोकत नाही? कारण टेकलेला पाय किंचितसा घसरावाच लागतो. खुंटीसारखा रुतला तर अंग वळत राहतं, पाय वळत नाही, आणि तो पीळ सरळ सांध्यात जातो. नव्या फरशीवर रबरी चप्पल चिकटली की आपल्या गुडघ्यात कळ येते ना, तसंच. म्हणून मी आधी मैदान बघते, मातीत हात घालून. मग घोडा चालताना बघते, मग वळताना, आणि शेवटी नाल. लोक उलट्या क्रमानं येतात. नाल कुठल्या तरी व्हिडिओत बघून ठरवलेली असते आणि घोड्याला त्यात बसवायचं असतं. एकीला खोगिराला शोभेल अशी गुलाबी हवी होती. ती मात्र मी दिली. रंगानं घोड्याचं काही बिघडत नाही.

इरा माझ्याकडे आली तेव्हा नववीत होती. निखिल आणि मेघना या सॉफ्टवेअरवाल्या जोडप्याची एकुलती एक मुलगी. इथल्या मराठी मुली भरतनाट्यम नाहीतर टेनिस करतात. हिनं एकदा मैत्रिणीच्या वाढदिवसाला घोडा चालवला आणि घरात जाहीर केलं की आपल्याला पिंपांची शर्यत करायचीय. आईबापांनी वर्षभर कानाडोळा केला, पोरगी बधली नाही. शेवटी एक बुटकी, काळीभोर, चलाख घोडी घेतली. इरानं तिचं नाव ठेवलं मिरी. मिरीचे पाय मी पहिल्यापासून केले. खूर घट्ट, नखरे शून्य. पुढच्या पायांना मध्यम काठाची नाल, मागच्या पायांना साधी. या दोघी वळायला लागल्या की मी हातातलं काम टाकून कुंपणाशी जायची. घोडी पिंपाला चाटून जायची आणि पिंप हलायचंसुद्धा नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मिरी घसरायला लागली. आधी थोडीशी, दुसऱ्या पिंपाशी. मग वरचेवर. इराची प्रशिक्षक डॉना म्हणाली, "गिव्ह हर मोअर ग्रिप." मी नाही म्हटलं. मिरीच्या चालीत खोट दिसत नव्हती, आणि डॉनाचं मैदान मी ओळखते. पण नाल काढून बघितली तर खुरातली खिळ्यांची भोकं लांबट झालेली. खिळा खुराच्या कडेतून बाहेर काढून त्याचं टोक मोडून वळवून दाबतात. ती टोकंही सैल पडून वर आली होती. नाल निघत नव्हती, पण पायावर सरकत होती, अगदी केसभर. घोडीला ते कळत होतं. पाय टाकला आणि खालचं जग हललं, तर कोण भरवशानं वळेल? खूर मऊ लागत होता, पण उन्हाळा पावसाळी होता, कुरणात कायम ओल, त्या महिन्यात सगळ्याच घोड्यांचे खूर मऊ होते. मी बारीक खिळे घेतले, जागा बदलली, नाल पुन्हा घट्ट बसवली.

पुढच्या शर्यतीत पहिल्याच पिंपाशी मिरीचा पुढचा पाय निसटला आणि ती गुडघ्यांवर कोसळली. इरा तिच्या मानेवरून पलीकडे गेली. मनगट मोडलं. एवढ्यावर निभावलं म्हणून सगळ्यांनी देवाचे आभार मानले. पण नंतर मिरी त्या गल्लीत शिरेना. तोंडाशी येऊन थरथरत उभी राहायची, घामानं निथळायची. इराचं प्लास्टर निघालं, मिरीची भीती निघाली नाही. डॉना कठोर बाई नाही, पण तिनं निखिलला स्पष्ट सांगितलं की ही घोडी आता शर्यतीची राहिली नाही, रानवाटांवर रमतगमत फिरवणारा कोणी बघा आणि द्या. निखिलनं पोरीला भुईवर पडलेलं डोळ्यांनी बघितलं होतं. त्यानं गिऱ्हाईक शोधलं. शनिवारी एक म्हातारे गृहस्थ ट्रेलर घेऊन येणार होते.

गुरुवारी मला निरोप आला की मिरीच्या काठाच्या नाला काढून साध्या ठोका. एरवी मी सकाळी जाते, त्या दिवशी दुपार कलली होती. महिनाभर पावसाचा थेंब नव्हता. लाल माती भेगाळली होती आणि सगळ्या घोड्यांचे खूर वाळून खडखडीत झाले होते. शेजारच्या ठाणातला घोडा आधी केला, तर कानस त्याच्यावरून खरखरत घसरत होती. मग मिरीचा पाय मांडीत घेतला, कानस फिरवली, आणि दोन-चार हातांतच कानशीचे दात ओल्या भुश्यानं भरले. तोच तबेला, तेच कुरण, आणि हिचाच खूर साबणासारखा. मी वाकून नीट बघायला लागले तेव्हा वास आला. खोबरेल तेलाचा. आधी वाटलं, माझंच डोकं. पण मी तर बदामाचं लावते.

मी खूर खाली ठेवतेय तोच इरा आली आणि तिच्या मागून तिची आजी. निखिलची आई, मिरजेच्या, जूनपासून मुलाकडे आलेल्या. मी त्यांना मंडळात एकदा भेटले होते. साडी, त्यावर इराचा शाळेचा स्वेटशर्ट, पायात निखिलचे जुने बूट. एका हातात गरम पाण्याचा मोठा थर्मास, दुसऱ्या हातात रबरी घमेलं, आणि काखेतल्या पिशवीतून तेलाची बाटली डोकावत होती.

"अगंबाई, तू होय! बरं झालं भेटलीस," आजी म्हणाल्या. "आज नि उद्या, दोनच दिवस राहिलेत हिचे. म्हटलं नीट शेकून घेऊ पाय."

"रोज शेकता?" मी विचारलं.

"रोज म्हणजे रोज! मी आले त्या आठवड्यापासून. या घमेल्यात एकेक पाय ठेवायचा, चांगला मुरू द्यायचा, मग तेल जिरवायचं. वरून, खालून, सगळीकडून. माझ्या नातीला पाठीवर घेऊन पळते ती. तिचे पाय कोण चेपणार? पडली ना, त्या दिवसापासून मी दोनदा करते."

त्यांनी पदर खोचला आणि जमिनीवर फतकल मारली. मिरीनं आपण होऊन पाय उचलून घमेल्यात ठेवला. इरा शेजारी गवताच्या गठ्ठ्यावर बसली आणि आजीच्या खांद्याला टेकली. दोघींचं काहीतरी शाळेतल्या कुठल्या मुलावरून चाललं होतं. आजी खुसखुसत होत्या. मी त्यांच्याकडे बघत हातोडा घेऊन उभी राहिले.

खूर म्हणजे आपलं नखच, फार जाड. तासभर भांडी घासल्यावर आपली नखं कशी लवतात? त्यात रोज पाणी मुरवायचं आणि वरून तेलानं ते आत कोंडायचं, असं महिनोन् महिने चाललं तर खिळा धरायला तिथे काही उरतच नाही. घोडी बिघडली नव्हती. मैदान बिघडलं नव्हतं. हा सगळा आजींच्या मायेचा प्रताप होता.

मी इराला पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर नेलं आणि सांगितलं. ती पांढरी पडली. मग म्हणाली, "मावशी, प्लीज, आजीला नको सांगू."

"अगं, पण घोडी बरी होईल! विकायची गरज नाही. तुला नकोय का ती?"

"मला हवीय!" ती ओरडलीच. मग आवाज उतरवून म्हणाली, "पण आजीला वाटेल, माझा हात तिच्यामुळे मोडला. शी विल नेव्हर कम टू द बार्न अगेन. घरी आम्ही बोलतच नाही ग. घरी मी रूममध्ये असते, ती टीव्ही बघते. इथेच बोलतो. लेट देम टेक मिरी. इट्स ओके."

ते ओके नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मला राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही, कारण रागावण्यासारखं तिथे कोणी नव्हतंच. मला मुलं नाहीत, आणि असा प्रसंग आला की मला पटकन गोड शब्द सापडत नाहीत. मी इराला म्हटलं, "हे बघ, घोडी दुसऱ्याकडे गेली आणि त्यानंही कुणाला तरी पाठीवर बसवलं, तर? पायाचं खरं काय ते मला सांगावंच लागतं. पण आजीला रडवण्यासाठी मी सांगणार नाही."

मी आत गेले आणि आजींना म्हटलं, "आजी, उठा जरा. माझ्या कामात मदत करा." शेजारच्या घोड्याचा पाय मी उचलून धरला. "याच्या तळव्यावर अंगठा दाबा." त्यांनी दाबला. "काय लागतंय?"

"पाटा-वरवंटा," आजी म्हणाल्या.

मग मिरीचा पाय पुसून उचलला. त्यांनी अंगठा दाबला. तळवा दबला. त्यांनी पुन्हा दाबला. नखानं जरा खरवडलं तर नखात भुसा आला. त्यांनी तो भुसा बोटांत चोळून बघितला. मिरजेत त्यांनी चाळीसेक वर्षं शाळेत मुलांना शिकवलं होतं, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

"खिळे यात धरत नाहीत," त्या हळूच म्हणाल्या.

"नाही धरत."

"म्हणजे मीच पाडलं हिला. नि पोरीला."

खोटं बोलावंसं फार वाटलं. "पाण्यानं आणि तेलानं पाडलं," मी म्हटलं. "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही दिसलं नव्हतं. आता कोरडे ठेवले तर काही आठवड्यांत खूर कडक होतील. नवा खूर वरून वाढत येतो, खिळ्यांनी फाटलेला भाग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाढून जाईल. भीती कधी जाईल ते मला सांगता यायचं नाही."

त्यांनी घमेलं उचललं, दाराबाहेर जाऊन पाणी ओतून दिलं आणि गाडीत जाऊन बसल्या. इरा माझ्याकडे न बघता त्यांच्या मागे गेली. मिरी पाय उचलून घमेल्याची वाट बघत होती. त्या दिवशी मी तिला नाल ठोकलीच नाही, अनवाणीच ठेवली.

शनिवारी निखिलनं मला बोलावून घेतलं, कारण त्या म्हाताऱ्या गृहस्थांना पायांबद्दल नालबंदाशीच बोलायचं होतं. शहाणं गिऱ्हाईक. उंच, वाकलेले, डोक्यावर मळकी टोपी. त्यांच्या ट्रेलरचं मागचं दार उघडं होतं आणि आत कोरडं गवत अंथरलेलं होतं. इरा मिरीची दोरी धरून उभी होती. तिनं मिरीच्या आयाळीची बारीक वेणी घातली होती. आजी निखिल आणि मेघनाच्या मागे, जरा दूर. घरात त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही, हे निखिलच्या बोलण्यावरून कळत होतं.

"सो, हाऊ आर हर फीट?" म्हाताऱ्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडलं. इरानं मान खाली घातली. तेवढ्यात आजी पुढे आल्या. त्या इथे आल्यापासून बाहेरच्या माणसाशी इंग्रजीत अवाक्षर बोलल्या नव्हत्या. दुकानातसुद्धा खुणेनं भागवायच्या. पदर खांद्यावर घट्ट ओढून घेत त्या म्हाताऱ्यांसमोर उभ्या राहिल्या.

"हॉर्स इज गुड," त्या म्हणाल्या. "व्हेरी गुड हॉर्स. नॉट हर फॉल्ट. माय मिस्टेक." आणि पिशवीतून तेलाची बाटली काढून त्यांनी ती म्हाताऱ्यांपुढे धरली. "एव्हरी डे. वॉटर. ऑइल. आय डिड."

"आई, काय बोलतेयस तू?" निखिल म्हणाला.

"तू थांब," आजी त्याला म्हणाल्या. "यांना कळू दे आधी. चांगल्या घोडीला बिघडलेली म्हणून पाठवायचं नाही."

इरा रडायला लागली, अगदी मोठ्यानं, लहान मुलांसारखी. मी निखिलला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तो आईकडे बघत राहिला, मग इराकडे, मग कमरेवर हात ठेवून जमिनीकडे. म्हाताऱ्यांनी वाकून मिरीचा पाय उचलला, तळव्यावर अंगठा दाबला, वास घेतला. सावकाश सरळ झाले.

"मॅम," ते आजींना म्हणाले, "माय मामा डिड द सेम थिंग. बेकन ग्रीस. एव्हरी नाइट."

"काय म्हणतायत ग?" आजींनी मला विचारलं.

"म्हणतायत, त्यांची आईही अगदी असंच करायची," मी सांगितलं. डुकराची चरबी चोपडायची, ते सांगितलं नाही. आजींचा शनिवारचा उपास होता.

आजींनी डोळ्यांना पदर लावला. मग पदर खाली घेऊन म्हणाल्या, "त्यांना विचार, मग त्यांची घोडी पुन्हा पळाली का?"

मी विचारलं. म्हाताऱ्यांनी टोपी काढून छातीशी धरली आणि माझ्याकडे नाही, थेट आजींकडे बघून उत्तर दिलं.

"येस, मॅम."

हे भाषांतर करायची वेळ आली नाही. म्हाताऱ्यांनी एकदा निखिलकडे बघितलं. निखिलनं नकारार्थी मान हलवली. म्हाताऱ्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, ट्रेलरपाशी गेले आणि रिकाम्या ट्रेलरचं दार लावून घेतलं.